बाबांच्या नावावरचा गॅस

माझे वडील गेल्याला ज्या दिवशी वर्ष झालं, त्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता ते आमच्या गॅसच्या शेगडीखालून हुंकार देऊ लागले.

तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. तीस वर्षं कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेला माणूस मी. भुताने समोर येऊन नमस्कार केला तरी आधी त्याची मापं घेईन. पण तो आवाज मी ऐकला आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. "हंऽऽऽ." मग थोडी शांतता. मग पुन्हा "हंऽऽऽ." जेवायला उशीर झाला की बाबा आरामखुर्चीत बसून अगदी असाच आवाज काढायचे. तोंडाने काही बोलायचे नाहीत, नुसता हुंकार, आणि स्वयंपाकघरात पळापळ.

"ऐकलंत?" माझी बायको अनघा म्हणाली. तिच्या हातात खिरीचं पातेलं होतं आणि ते शेगडीवर ठेवायला ती तयार नव्हती.

"गॅसचा आवाज आहे तो."

"मग असा ओळखीचा का येतोय?"

मी बशीत सांडलेला चहा पिऊन टाकला.

आई पाटावर बसून गवार मोडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "काहीतरी राहिलंय ह्यांचं."

काय राहिलंय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझा धाकटा भाऊ शिरीष कात्रजला राहतो, आम्ही सदाशिव पेठेत. गेलं वर्षभर आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. भांडण कशावरून, तर कावळ्यावरून. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. अशा वेळी गेलेल्या माणसाची इच्छा ओळखून, ती पुरी करू असं मोठ्याने सांगायचं असतं. ज्याने त्याने स्वतःपुरतं सांगावं, इतकं साधं आहे. मी हात जोडून म्हणालो, "बाबा, शिरीष सिगरेट सोडेल." शिरीष म्हणाला, "बाबा, दादा वहिनीवर खेकसणं बंद करेल." मग मी म्हणालो, शिरीष वेळेवर उठेल. तो म्हणाला, दादा स्वतःला शहाणा समजणं सोडेल. अर्ध्या तासात आम्ही एकमेकांच्या नावाने इतकी वचनं दिली, की गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि गुपचूप दर्भाचा कावळा करून काम उरकलं. आम्ही दोघं दोन रिक्षांनी आपापल्या घरी गेलो. ते शेवटचं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आईने आम्हा दोघांनाही एवढंच सांगितलं होतं, "उद्या दोघं मुलं पानावर असतील तर मी जेवेन. नाहीतर मला वाढू नका." आईला शुगर आहे. तिला दुपारपर्यंत उपाशी राहून चालत नाही. हे मला माहीत होतं, शिरीषला माहीत होतं, आणि दोघंही समोरचा आधी फोन करेल म्हणून बसलो होतो. आता विचार केला तर माझी मलाच लाज वाटते. तेव्हा मात्र मला तो तत्त्वाचा प्रश्न वाटत होता.

तर, हुंकार. त्यापाठोपाठ ज्योत बसायला लागली. आधी बोटभर होती ती नखाएवढी झाली, मग बर्नरभोवती नुसते निळे मणी उरले. साडेअकराला गुरुजी येणार, बाराला नैवेद्य, आणि खिरीतलं दूध पाऊण तास झाला तरी कोमटच.

"इंडक्शन काढू?" अनघाने विचारलं.

"वायरीवरचं अन्न ह्यांनी जिवंतपणी खाल्लं नाही, आता खातील?" आई म्हणाली. विषय संपला.

मग मी बाह्या सरसावल्या. आधी बर्नर काढून टाचणीने भोकं साफ केली. ज्योत तशीच. नळी कुठे दुमडली आहे का पाहिलं. ज्योत तशीच. सिलिंडर संपत आला असेल म्हणून दुसरा, भरलेला लावला.

"अहो, रेग्युलेटर बघा," अनघा म्हणाली.

"पद्धतशीर जाऊ दे मला. एकेक शक्यता काढून टाकायची असते."

"काढा. दूध नासेपर्यंत काढा."

भरलेल्या सिलिंडरवर हुंकार दुप्पट झाला. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, हात लांब केला तर भिंतीला लागेल. भर दिवसा तिथे तिन्हीसांजेचा उजेड असतो. त्या उजेडात ते निळे मणी लुकलुकत होते, आणि ओट्याखालून बाबा नाराजी व्यक्त करत होते. बाहेरच्या खोलीत हार घातलेला त्यांचा फोटो बरोबर दारासमोर होता. मी उठून दार लोटून घेतलं. (वारा येत होता म्हणून. अनघाने विचारलं नव्हतं, तरी मी तिला हे सांगितलं.)

तेवढ्यात आई उठली. शेगडीसमोर येऊन तिने हात जोडले आणि नेहमीच्या आवाजात, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "अहो, करेल तो शिरीषला फोन. करेल."

ज्योत फडकन वर आली, चांगली चार बोटं. पातेल्याच्या बुडाला लागली, क्षणभर तशीच राहिली आणि पुन्हा खाली बसली.

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते, ते मी हाताने खाली बसवले.

"रेग्युलेटरमध्ये रबराचा पडदा असतो," मी म्हणालो. "तो जुना झाला की अडकतो. मधेच सुटतो. मग ज्योत वरखाली होते."

"बरोबर फोन म्हटल्यावर सुटतो," अनघा म्हणाली.

आता रेग्युलेटर बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शेगडी बंद केली, वाटीत साबणाचं पाणी केलं आणि रेग्युलेटरवर सोडलं. त्याच्या कडेला एक फुगा आला. हळूहळू मोठा झाला, थांबला, फुटला. त्याच जागी दुसरा आला. मोठा झाला, थांबला, फुटला. आत कुणीतरी बसून सावकाश श्वास घेतंय असं वाटत होतं. मी त्याच्याकडे किती वेळ बघत बसलो असतो कोण जाणे. अनघाने मला बाजूला सारून रेग्युलेटरची चावी बंद केली, तो काढला, सिलिंडरला टोपी लावली, खिडकी सताड उघडली आणि दिव्याच्या बटणाकडे गेलेला माझा हात खाली ओढला.

"गॅस गळतोय आणि तुम्ही दिवा लावताय? एका घरात एका वर्षी एकच श्राद्ध पुरे."

रेग्युलेटर पिशवीत घालून मी स्कूटरवर एजन्सीत गेलो. पिशवीत तो अगदी गप्प होता. तेही मला फारसं बरं वाटत नव्हतं.

खिडकीमागच्या बाईंनी रेग्युलेटर उलटासुलटा करून पाहिला. "पडदा गेलाय. बदलून मिळेल. कनेक्शन कोणाच्या नावावर?"

"वडिलांच्या."

"त्यांना पाठवा."

"ते वारले."

"कधी?"

"आज वर्ष झालं."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग वर्षभर गॅस कोण वापरतंय?"

"आम्हीच. नावावर करून घ्यायचं राहिलं. अहो, आज श्राद्ध आहे, स्वयंपाक अर्धा झालाय. बारा वाजता ते जेवायला येतील."

"मग तेव्हा सही घेऊन ठेवा त्यांची," बाई म्हणाल्या. माझ्यामागे उभ्या असलेल्या गृहस्थांना खोकला आला.

शेवटी त्यांना दया आली. नावबदलाची कागदपत्रं पुढच्या आठवड्यात आणायची, आज नुसता रेग्युलेटर द्यायचा. "फक्त नोंदवलेल्या मोबाइलवर कोड जाईल तो सांगा. हा गेला बघा. दहा मिनिटं चालतो."

कोड बाबांच्या मोबाइलवर गेला होता. (आमचा सिलिंडर आणणारा वर्षानुवर्षं ओळखीचा, तो कोड न विचारताच सिलिंडर ठेवून जायचा. त्यामुळे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.) आणि बाबांचा मोबाइल दहाव्यापासून शिरीषकडे होता. शिरीषचा नंबर मी रागाच्या भरात पुसून टाकला होता. अनघाला फोन लावला, तर ती म्हणाली, "मला मध्ये घालू नका. बाबांचा नंबर आहे ना तुमच्याकडे? लावा."

बाबांचा नंबर होता. तो पुसायचा धीर झाला नव्हता. मी नाव शोधलं, बोट ठेवलं, आणि पडद्यावर बाबांचा फोटो उजळला. खाली लिहिलेलं, 'बाबा, कॉल जात आहे'. वडिलांच्या वर्षश्राद्धाला, गॅस एजन्सीच्या रांगेत उभं राहून मी वडिलांना फोन करत होतो. रिंग वाजत होती.

चौथ्या रिंगला फोन उचलला गेला. पलीकडून आवाज आला, "हं."

तोच. तसाच. आणि तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेला मी म्हणालो, "बाबा, गॅस बिघडलाय."

"दादा, मी शिरीष."

"माहीत आहे मला."

"मग बाबा काय म्हणतोस?"

"तोंडातून गेलं. तुझा आवाज त्यांच्यासारखा झालाय."

"तुझाही," तो म्हणाला. "मी दचकलो."

त्याच्या मागून बसच्या कंडक्टरचा आवाज येत होता. वर्षभर कोणत्या तोंडाने रुसून बसलो होतो आपण, असं मला वाटलं.

"कोड आलाय बघ त्यांच्या फोनवर," मी म्हणालो.

त्याने चार आकडे वाचून दाखवले. बाईंनी ते टिपून घेतले.

"जेवायला येतोयस का?" मी विचारलं.

"बोलावतोयस की चौकशी करतोयस?"

"बोलावतोय."

"बसमध्येच आहे. स्वारगेट आलं," तो म्हणाला. "आज न येऊन कसं चालेल?"

मी घरी पोचलो आणि पाठोपाठ शिरीषही आला. आम्ही दोघं ओट्याखाली गुडघे टेकून बसलो. त्याने सिलिंडर धरला, मी नवा रेग्युलेटर वर बसवून दाबला. टॉक असा आवाज आला. साबणाचं पाणी सोडलं, एकही फुगा नाही. शेगडी पेटवली, ज्योत निळी, सरळ, आणि मुकी. इतकी मुकी, की सगळे कान देऊन उभे राहिलो. सकाळपासून त्या हुंकाराने आमचा जीव नकोसा झाला होता, आणि आता तो नाही तर स्वयंपाकघरात कुणीतरी कमी झाल्यासारखं वाटायला लागलं. आईने एकदा ओट्याखाली वाकून पाहिलं आणि ती परत गवारीकडे वळली.

गुरुजी आले, नैवेद्य झाला, सगळं वेळेत झालं. आई आमच्या दोघांच्या मध्ये जेवायला बसली आणि वरणभात कालवून शांतपणे जेवू लागली. मला सुटल्यासारखं झालं. तेवढ्यात शिरीष म्हणाला, "दादा, एक बोलू? चुकलंच माझं. तू दर रविवारी फोन करायचास आणि मी उचलायचो नाही."

"कोणाला फोन?"

"बाबांच्या नंबरवर. रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला, चार रिंगा. मी हात लांब करेपर्यंत बंद. वर्षभर एक रविवार चुकला नाही तुझा."

माझा घास हातातच राहिला. मी एकही फोन केला नव्हता. पानावरूनच डाव्या हाताने मोबाइल काढून मी कॉलची यादी उघडली. ही यादी मी एरवी कधी बघत नाही. रविवार, बाबा. त्याआधीचा रविवार, बाबा. बोटाने सरकवत गेलो, तो दर आठवड्याला एक. घाम फुटला मला. मग माझं लक्ष आईकडे गेलं. ती उठून खीर आणायला आत चालली होती, आणि तिच्या गुडघ्यांच्या मानाने जरा जास्तच लगबगीने.

मी मागोमाग गेलो. "आई, तू?"

"तू आंघोळीला गेलास की करते," ती पातेल्यात बघत म्हणाली. "तुझ्या फोनवर त्यांचा फोटो येतो. अनघाच्या फोनवर नाही येत. वाजत असतो तोवर वाटतं, मंडईत असतील, गर्दीत ऐकू येत नसेल. चार रिंगा झाल्या की ठेवते. जास्त वेळ वाजवलं की चिडायचे ते."

मी तिच्या हातातून पळी घेतली आणि उगाच खीर ढवळत राहिलो.

"शिरीषला वाटतंय मीच करत होतो," मी शेवटी म्हणालो. "त्याला खरं सांगून टाकू?"

"सांग की. आणि मग दोघं बसा परत वर्षभर तोंडं फिरवून."

मी वाटी घेऊन बाहेर आलो. शिरीषचे डोळे भरले होते. तो म्हणाला, "दादा, एवढा मानीपणा गिळून दर आठवड्याला फोन करायचा म्हणजे साधी गोष्ट नाही. मला नसतं जमलं."

"अरे, मोठ्या भावाला करावं लागतं," मी म्हणालो, आणि बाबांच्या फोटोकडे पाठ येईल अशा बेताने पाट सरकवून खीर संपवली.