मी बोथट केलेला चाकू

नवऱ्याच्या चाकूची धार मी रोज दुपारी चोरून मोडत होते. चांगले पाच-सहा महिने. तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते, त्यामुळे पोरवयाची सबब मला नाही. उलट आपण किती हुशार, या समजुतीत मी असायचे. आता त्या बाईकडे बघितलं की वाटतं, हिला एखाद्या शहाण्या माणसाने दोन दिवस कोठीत कोंडून ठेवायला हवं होतं.

आमची वाडी वसईजवळ गिरीजला. केळी, नारळ, थोडी भाजी आणि यांच्या हौसेची सोनचाफ्याची रोपं. चाफ्याची कलमं बांधण्यात यांचा हातखंडा होता. लांबून लोक रोपं न्यायला येत. मी मात्र मास्तरांच्या घरातली. माहेरी धार काय ती जिभांना, आणि एका विळीला. चाकूतलं मला काही कळत नव्हतं. पण कळत नाही हेही कळत नव्हतं, ते जास्त वाईट.

तो चाकू घेतला त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. वसईच्या बाजारातलं लोखंडी सामानाचं दुकान. दुकानदाराने मिटायच्या चाकूंचा ट्रेच पुढे ठेवला. हे एकेक उचलायचे, नखाने पातं उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे. उघडलेलं पातं चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघायचे. जरा हललं की परत ट्रेमध्ये. मग डोळ्यासमोर उजेडात धरून काठ सरळ आहे का ते बघायचं. तासभर झाला. माझ्या पायांना कळ लागली.

मी म्हटलं, "अहो, मला बघायला आलात तेव्हा एवढा वेळ घेतला नव्हता."

"तुला रोज खिशात घालायचं नव्हतं."

दुकानदार हसला, मीही हसले. एक चकचकीत, मोराची मूठ असलेला चाकू मी दाखवला. तो त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. "चमकतो तो धार धरत नाही. जरा काळा पडणारा बघ." शेवटी घेतला तो लाकडी मुठीचा, पितळी खिळ्यांचा, बोटापेक्षा जरा लांब पात्याचा. बघायला भिकारडा.

तो कायम उजव्या खिशात. खिसे फाटायचे म्हणून मी त्यांच्या पँटींच्या उजव्या खिशाला आतून दुहेरी कापड लावायचे. लग्नाला जाताना चाकू, देवळात जाताना चाकू. एकदा भाच्याच्या साखरपुड्यात केकवरची रिबन सुटेना, तर यांनी खिशातून काढला. नवरीकडच्या बायका दोन पावलं मागे सरकल्या. पात्याला केळीचा चीक बसून ते काळं झालं होतं. मला लाज वाटली. यांना नाही. त्यांनी रिबन कापली, पातं रुमालाला पुसलं, मिटलं आणि खिशात टाकलं.

धार लावायची जागा विहिरीपाशी. दगड आधी पाण्यात बुडवून ठेवायचा. "पातं दगडावर निजवायचं नाही आणि उभंही करायचं नाही," ते मला सांगायचे. "पाठीखाली एक नाणं सरकेल एवढं उचलायचं." मी "हो का" म्हणायचे आणि डाळ निवडायचे. दोन्ही बाजूंना सारखंच घासायचं. मग केळीच्या पानाचा तुकडा टोकाला धरून लोंबता ठेवायचा आणि त्यावर पातं ओढायचं. पान न हलता चिरलं तर धार बसली. हलून दुमडलं तर पुन्हा दगड.

मग एका सकाळी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू. नव्वदीच्या दशकाचा शेवट होता तो. दवाखान्यातून आले तेव्हा पाय ओढत का होईना चालत होते, पण डाव्या हाताची मूठ पुरती वळत नव्हती. डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "कापलं-बिपलं तर रक्त लवकर थांबणार नाही. जपा."

जपा म्हणजे काय करा, हे ते बोलले नाहीत. ते मी माझ्या डोक्याने ठरवलं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी यांनी चाकू मागितला. मूठ मांडीखाली दाबायची, उजव्या नखाने पातं उघडायचं. मिटताना पात्याची पाठ मांडीवर टेकवून दाबायची. ते मिटताना मी तोंड फिरवायचे. लपवून ठेवला असता तर घरभर शोधला असता आणि मला विचारलं असतं. मला तोंडावर खोटं बोलता येत नव्हतं. पाठीमागे येत होतं.

दुपारी गोळ्यांनी त्यांना झोप लागायची. पँट खुंटीला. मी चाकू काढायचे, मागच्या धुण्याच्या दगडावर पात्याचा काठ आडवा आठ-दहा वेळा ओढायचे आणि उजेडात बघायचे. काठावर पांढरी रेघ चमकली की धार गेली. मग पुसून, मिटून, होता तसा खिशात. पँटची घडीसुद्धा होती तशी घालायचे. एवढी दक्षता मी कधी स्वयंपाकात दाखवली नाही.

संध्याकाळी ते वाडीत जायचे, चेहरा पाडून परत यायचे. दुसऱ्या सकाळी पुन्हा विहिरीपाशी, दगड, पाणी. पाटावर बसून एका हाताने पातं घासायचे.

"कालच लावली होती गं. हात तिरका पडत असेल."

"असेल हो," मी म्हणायचे. "येईल हळूहळू." आणि वर इतकी माया ओतायचे त्या वाक्यात की नाटक कंपनीने मला त्याच दिवशी घेतलं असतं.

ते लावायचे, मी मोडायचे. पातं आम्हा दोघांमध्ये झिजत चाललं होतं.

महिन्याभराने जे व्हायचं ते झालं. नारळाच्या रोपाला काठीशी बांधलेला काथ्या कापताना चाकू कापेना म्हणून यांनी जोर लावला. तो घसरला आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी गेला. तासभर रक्त थांबेना. दोन टॉवेल भिजले. मी हळद दाबत होते, रडत होते आणि मनात म्हणत होते, बघा, मी धार मोडली होती म्हणून एवढ्यावर निभावलं. दुसऱ्या दिवसापासून आठ-दहाच्या जागी मी वीस वेळा ओढायला लागले.

शेजारच्या वाडीतली म्हातारी कुंपणाशी भाजीचे वाफे करायची. चर्चला जायच्या दिवशीसुद्धा तिच्या कमरेला कोयता असायचा असं आम्ही चेष्टेने म्हणायचो. तिने एकदा मला दगडावर चाकू ओढताना बघितलं.

"वैनी, अशानं धार जाते."

"जाऊ दे. यांना लागायला नको."

ती वाफ्यातून उठली. "बोथट चाकूच लागतो गं माणसाला. धारेचा तू सांगशील तिथं जातो."

मी मनात म्हटलं, चार यत्ता शिकली नाही आणि मला शिकवते.

श्रावणात मुलगा आला. त्याचा विरारला फ्लॅट होता, तिसरा मजला. त्याचं म्हणणं, दोघांनी तिकडे यावं, वाडी खंडाने कसायला द्यावी. चुकीचं नव्हतं. रोज फोन करून बापाचा श्वास मोजणं त्यालाही जमत नव्हतं.

"बारा कलमं बांधतो," हे त्याला म्हणाले. "सहा जगली तर मी इथंच राहणार. नाही जगली तर तू सांगशील तिथं येतो. मग एक शब्द बोलणार नाही."

"बाबा, ही काय परीक्षा आहे?"

"माझी आहे. तुझी नाही."

कलमं बांधायच्या सकाळी त्यांनी दगडावर जवळपास तास घालवला. पान चिरून बघितलं. मला हाक मारून दाखवलं, इतकं सुरेख चिरलं होतं. मग आंघोळीला गेले.

त्या दिवशी तरी मी चाकूला हात लावायला नको होता. पण रोप धरायला मी बसणार होते, आणि खालच्या रोपाला ते चीर देणार तिथेच माझी बोटं असणार होती. आंघोळीला ते पंधरा मिनिटं घ्यायचे. मला पाच पुरली. चाफ्याचं काय होईल, हे डोक्यातही आलं नाही. कलम बांधतात म्हणजे सगळं बांधण्यावर असणार, अशी माझी समजूत. पट्टी घट्ट बसली की झालं.

ते बसले, मूठ मांडीखाली दाबून पातं उघडलं. खालच्या रोपाचा शेंडा कापून मधोमध चीर द्यायची, वरची काडी दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखी करायची, ती चिरेत बसवायची, वरून पट्टी. पहिलीच काडी तासली आणि थांबले. काप गुळगुळीत नव्हता. हिरवी साल चुरगळली होती, धागे निघाले होते.

"दातांनी कुरतडल्यासारखं झालं," ते म्हणाले.

"पुन्हा लावता का धार?"

"तास घालवून लावलेली अशी निघाली. आणखी लावून काय होणार?" त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. वारं गेलेल्या डाव्याकडे नाही, चांगल्या हाताकडे. "हाही गेला वाटतं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. माझ्या हातात रोप होतं, तोंड रिकामं होतं. मी म्हटलं, "जगतील हो."

बाराही बांधून झाली. पंधरा दिवसांत काड्या काळ्या पडायला लागल्या. त्यानंतर आठवड्याभरात अकरा कलमं गेली. बारावीने एक पान हिरवं ठेवलं होतं. तिच्याजवळ ते पाट टाकून बसायचे. मग तेही गळलं.

म्हातारी कुंपणातून आली, एक मेलेलं कलम सोडवलं, काप बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "हे हाताचं काम नाही, वैनी," एवढंच हळू म्हणाली आणि ते माझ्या ओंजळीत ठेवून गेली.

म्हणजे त्या दिवशी मला कळलं होतं. पुढचं सगळं मी कळून केलं. मुलगा टेम्पो घेऊन येईपर्यंत मध्ये नऊ दिवस होते. नऊ दिवस मी भांडी पोत्यात भरत होते आणि आज सांगू, उद्या सांगू करत होते. आणि खरं ते लिहायचं तर तिसऱ्या मजल्यावरच्या नळाचाही मला मोह होता. तीस वर्षं विहिरीचं पाणी ओढलेल्या बाईला नळाचा मोह होतो. वर म्हटलं, तिकडे चाकू लागणार नाही, रक्ताची भीती नाही. मुलाने टेम्पोचा मागचा फाळका लावला तेव्हा यांनी एक शब्द काढला नाही. तसं कबूलच केलं होतं.

फ्लॅटमध्ये ते गॅलरीत बसायचे. खाली गाड्या लावायची जागा, समोर दुसऱ्या इमारतीचं वाळत घातलेलं. चाकू खिशातच, पण त्याला काम दुधाच्या पिशव्यांचं. धार लावणं त्यांनी सोडून दिलं होतं. दगड आम्ही दार अडवायला ठेवला होता. वर्षभरात वाडीतून निरोप आला की खंडकऱ्याने केळी काढून तिथे मांडवाच्या सामानाची पत्र्याची शेड घातली. ऐकून यांनी मान हलवली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. जेवण कमी झालं होतं. बोलणंही. सून मला स्वयंपाकघरात विचारायची, "बाबा रागावलेत का आमच्यावर?" मी म्हणायचे, "नाही गं." तिला काय सांगणार, राग कोणावर असायला हवा ते?

दुसऱ्या वर्षी थंडीत एका सकाळी त्यांनी दाराजवळचा दगड उचलला, बादलीत बुडवला आणि गॅलरीत बसून पातं घासलं. का, ते विचारलं नाही मी. कंटाळा असेल. माझा हात त्या चाकूकडे पुन्हा गेला नाही. दुधाच्या पिशव्यांनी कोण मरतं?

आठ-नऊ दिवसांनी सुनेने पेरू आणले. एक घेऊन त्यांनी चाकू उघडला, पेरूवर ठेवला, आणि तो नुसत्या वजनाने आत गेला. त्यांनी फोड काढली. मग आणखी एक, कागदाइतकी पातळ. ती उजेडात धरली.

"आठवडा उलटला," ते म्हणाले. "धार तशीच आहे."

मी चहा गाळत होते.

"तिकडे एक दिवस टिकायची नाही." आता ते माझ्याकडे बघत होते.

गाळणं खाली ठेवून मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, धुण्याचा दगड, खुंटीवरची पँट, कलमांच्या दिवशीची आंघोळ, म्हातारीने बघितलेला काप, ते नऊ दिवस. ऐकताना त्यांनी पेरू पूर्ण कापला. फोडी ताटलीत एका ओळीत लावल्या. पातं रुमालाला पुसलं, मांडीवर दाबून मिटलं. ओरडतील तर बरं, असं मला वाटत होतं. ते ओरडले नाहीत. ताटली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले,

"मला मरू द्यायचं नव्हतं तुला, ते कळलं. पण मरेपर्यंत मी दिवसभर करायचं काय, तेही ठरवून ठेवायचं होतंस."