सुमंगलाला ‘मी’ म्हणता येईना

सुमंगला हेब्बारची नोकरी गेली ती एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी. बँकांचं सॉफ्टवेअर बाहेर पडण्यापूर्वी तपासायचं, त्यातल्या चुका हुडकायच्या, हे काम ती बेंगळुरूच्या एकाच कंपनीत लग्नाआधीपासून करत आली होती. कंपनीनं तो अख्खा विभागच बंद करून टाकला.

पुढचे काही महिने ती सकाळचं उरकून लॅपटॉपसमोर बसे आणि दिसेल त्या जागेसाठी अर्ज पाठवी. उत्तर येत नसे; आलंच तर गोड शब्दांतला नकार. नवरा शशिधर कॉलेजात शिकवायचा. तो म्हणे, "अगं, येईल काहीतरी." ते ऐकलं की तिचं डोकं उठे.

शेवटी तिनं चेतन गौडाला फोन केला. तो कधीकाळी तिच्या हाताखाली शिकलेला. आता दुसऱ्या कंपनीत मुलाखती घ्यायचा. बसवनगुडीतल्या एका दर्शिनीत, उभ्यानंच खायच्या छोट्या हॉटेलात, कॉफी पिताना त्यानं तिची लुटुपुटीची मुलाखत घेतली.

"अक्का, सगळ्यात अवघड काम कोणतं केलंत?"

"आम्ही एकदा मोठी चूक पकडली होती. खात्यातून पैसे दोनदा जात होते."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आमची टीम रे."

"टीमला कोण नोकरी देणार? टीम आहे कुठं आता? तुम्ही काय केलंत ते सांगा."

सुमंगलाला ते झोंबलं. "स्वतःचे ढोल बडवायला आमच्या घरी शिकवलं नाही," असं म्हणून ती तडक निघाली. पण रिक्षात बसल्यावर तिला कळलं, राग चेतनचा नव्हताच. आपण नेमकं काय केलं, हे तिला धड आठवतही नव्हतं.

घरी पोचताच तिनं जुन्या मैत्रिणीला, नागवेणीला फोन लावला. दोघी त्याच विभागात होत्या.

"हसू नकोस हं. मी तिथं करत काय होते गं?"

नागवेणी हसलीच. मग म्हणाली, "विसरलीस? साहेब म्हणत होते, आजच पाठवा, बँक खोळंबलीय. आम्ही सगळे माना खाली घालून बसलेलो. तू एकटीच म्हणालीस, पुन्हा तपासल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. म्हणून तर पैसे दोनदा जाण्याची ती चूक सापडली."

सुमंगलाच्या लक्षात राहिला होता तो साहेबांचा नंतरचा अबोला. इतकी वर्षं ती त्या दिवशीच्या वागण्याला स्वतःचा आगाऊपणा समजत आली होती.

इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीच्या मुलाखतीत तिनं हाच प्रसंग सांगितला. ‘मी’ म्हणताना जीभ अडखळली, पण समोरचे कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "तपासणी आपोआप करणारे प्रोग्राम लिहिता?" ती म्हणाली, "नाही येत."

ती जागा गेली. या वेळी मात्र तिनं उलट विचारलं, कमी काय पडलं? त्यांनी सरळ लिहून कळवलं, तपासणीचे प्रोग्राम लिहिता येत नाहीत, तेवढंच. मग ती शिकायला बसली. नागवेणीला ते येत होतं; ती फोनवरून शिकवायची, चिडायची, पुन्हा समजावायची. पहिले प्रोग्राम तर चालायचेही नाहीत.

पावसाळा सरता सरता बसची तिकिटं विकणाऱ्या एका छोट्या कंपनीनं तिला घेतलं. हुद्दा जुन्यापेक्षा खालचा, साहेब तिच्याहून बराच लहान.

पहिल्या दिवशी सकाळी शशिधर जरा चाचरतच म्हणाला, "एक पायरी उतरलीस की गं."

"एक नाही, दोन," ती केस बांधत म्हणाली. "उप्पिट्टू वाढ आता. उशीर होतोय."