बर्फातली रेडमंड गँग

अमेरिकेतल्या रेडमंडमधली आम्ही तीन मराठी कुटुंबं दर फेब्रुवारीत अलास्काच्या किनाऱ्यावर जातो. "इथला पाऊस पुरत नाही म्हणून तिकडे बर्फात?" असं लोक विचारतात. खरं सांगू? फोटो फोनमध्येच पडून राहतात, पण तिथले किस्से वर्षभरच्या पॉटलक जेवणांना पुरतात! आणि दर वेळी सांगताना थोडे वाढतातसुद्धा.

*

आमचा मंगेश मूळचा नागपूरचा. कुत्र्यांची घसरगाडी स्वतः ड्राइव्ह करायची त्याला भारी हौस. गाइडबाईंनी थांबवायचा शब्द आणि ब्रेक, दोन्ही नीट शिकवलं. कुत्री सुटली आणि पठ्ठ्या सगळंच विसरला!

"अरे थांबा ना बाप्पा! थांबा!"

तो ओरडेल तितकी कुत्री चेकाळली. शेवटी गाडी बर्फाच्या ढिगात आणि मंगेश ढिगाच्या पलीकडे. गाइडबाई धावत आल्या.

"थांबा म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

मंगेश बर्फ थुंकत म्हणाला, "कुत्र्यांच्या मते, अजून जोरात!"

*

हा खुद्द माझा किस्सा. धक्क्याजवळ पाण्यात एक काळंभोर, गुळगुळीत डोकं वर-खाली होत होतं. सील! मी आणि माझी बायको केतकी पोटावर पालथे पडून अर्धा तास फोटो काढत होतो.

"हलू नकोस, पळेल तो," केतकी कुजबुजली.

मागून एका म्हाताऱ्या मच्छीमाराचा आवाज आला, "काढा सावकाश, पळणार नाही. मीच दोरीने बांधलाय. पाण्यावर तरंगणारा बोया आहे तो!"

*

एकदा मंगेशची आई सोबत होती. सत्तरीच्या काकू, थर्मलवर साडी. हॉटेलबाहेर सगळीकडे काचेसारखा बर्फ. आम्ही महागडे बूट घालून एकमेकांना धरून सरकतोय आणि काकू सरळ चालत पुढे! पाहिलं तर बुटांवरून जुने लोकरीचे मोजे चढवलेले. त्यांनीच ग्रिप येत होती.

"काकू, ही ट्रिक कुठे शिकलात?"

"कसली ट्रिक? नवे बूट खराब होतील ना!"

*

राजेश मालवणचा. "मासे काय, माझ्या रक्तातच आहेत!" म्हणत त्याने गोठलेल्या तळ्यात भोक पाडून गळ टाकला. तीन तासांत हाती शून्य. शेजारी त्याची बायको सुजाता, पक्की शाकाहारी, नुसती टाइमपास म्हणून गळ धरून बसलेली. तिला मिळाले चार!

संध्याकाळी राजेश तिचेच मासे खात होता. सुजाताने दहीभात कालवत विचारलं, "काय रे, मालवणला समुद्र आहे ना नक्की?"

*

मंगेशची मुलगी रिया अमेरिकेतच जन्मलेली. वय तेरा. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्येच. काकूंनी गोष्टी सांगितल्या, लाडू केले, रागावून पाहिलं. आजीला उत्तर काय, तर "ओके, आजी."

काकू आल्या होत्या, त्याच वर्षी आम्ही व्हेल बघायला बोटीतून निघालो. खाडीबाहेर पोचतो तोच बर्फाचं वादळ आलं. पुढचं काही दिसेना. आणि इंजिन बंद पडलं! बोट आडवी होऊन डोलू लागली. कॅप्टन स्पीकरवर "बसून राहा" सांगत होता. मंगेशचा चेहरा पांढराफटक.

रियाने आजीला घट्ट मिठी मारली.

"आजी, मला खूप भीती वाटते गं. मला सोडू नकोस."

काकू एकदम ताठ बसल्या. "मंगेश! अरे ऐकलंस का? पोरगी मराठी बोलली!"

तेवढ्यात खाली इंजिन घरघरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काकू मात्र रियाला कुशीत धरून ओरडल्या, "अरे, त्या कॅप्टनला सांग, पाच मिनिटं अजून बंद ठेव म्हणावं!"