आसारामचा हात

आसाराम नागापूरच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर कामाला. माणूस कष्टाळू, पण हात सुटलेला. तो बहुतेक वेळा दहा वर्षांच्या स्नेहलवरच सुटायचा. जिरं, साबण नि काडेपेटी आण म्हटलं, की पोर नुसता साबण घेऊन यायची. वाचायला बसवलं, की वाक्याच्या शेवटाला पोचेस्तोवर सुरुवात विसरायची. मुद्दाम करते, असं आसारामला वाटे. मग पट्टा निघे. बायको भीमाबाई मध्ये पडली, तर दोन वळ तिच्याही पाठीवर उठत.

एका रविवारी स्नेहल साताच्या पाढ्यात अडकली. आसारामनं कानाखाली अशी वाजवली, की पोर भिंतीवर आदळली आणि कानातून रक्त आलं. पडदा फाटलाय, डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सविताबाई घरी आल्या. पुन्हा हात उचललात तर पोलिसांत जाईन, हे त्यांनी उंबऱ्यातच बजावलं. मग समजावून सांगितलं, की पोर आळशी नाही. ऐकलेलं डोक्यात धरून ठेवायला तिला जागाच थोडी, नवीन काही आलं की आधीचं सांडतं. आसाराम गुरकावला, ही सगळी नाटकं हायत. तेव्हा बाईंनी त्यालाच चार आकडे उलटे म्हणायला लावले. तीन, नऊ, सहा, दोन.

"दोन, सहा..." आसाराम थांबला. दुसऱ्यांदाही तिथंच.

त्याला गावचा गोठा आठवला. पाढे येईनात म्हणून बापानं त्याला तिथं दाव्यानं खुंट्याला बांधून आसुडानं फोडलं होतं. चौथीत शाळा सुटली ती कायमची.

"मलाबी जमत न्हाई," तो खाली बघत म्हणाला. "मशीनवर खडूनं आकडे लिवलेत, आधी काय, मग काय. न्हाईतर बोटं गेली असती."

"मग पोरीला खडू का दिला नाहीत?" बाईंनी विचारलं.

पट्टा त्यानं टाकला, पण महिनाभरानं पुन्हा एकदा हात उठलाच. या वेळी भीमाबाईनं स्वतः पोलिसांना फोन लावला. अर्धा दिवस चौकीत बसून आला, त्यानंतर मात्र हात उठला नाही.

स्नेहल आता सहावीत आहे. ओळीखाली पुठ्ठा धरून सावकाश वाचते. घरात तिला एका वेळी एकच काम सांगतात. पण बापाचा हात फळीकडे गेला तरी ती डोकं झाकते. म्हणून आसाराम आधी म्हणतो, "डबा काढतोय गं," आणि मग हात उचलतो.