उलटबाईंचा गुरुवार

माझी मोठी जाऊ आणि मी एकाच घरात नांदतो आणि एकाच शाळेत शिकवतो, म्हणजे मला सुटका कुठेच नाही. मी चित्रकला शिकवते, जाऊबाई इंग्रजी. मुलं त्यांना पाठीमागे उलटबाई म्हणतात. हे त्यांच्या कानावर आलेलं आहे आणि त्यांना ते मनापासून आवडतं.

हे नाव पडलं गुरुवारच्या शेवटच्या तासामुळे. पुस्तकातली एखादी गोष्ट घ्यायची, तिच्यावर इंग्रजीतून वाद घालायचा, आणि नियम असा की ज्याचं मत पक्कं, त्याने विरुद्ध बाजू मांडायची. चोराची दया येणाऱ्या मुलीने चोराला तुरुंगात धाडायचं. मग वर्गाने हात वर करून निकाल द्यायचा. "आपल्या मताचं कौतुक सगळ्यांनाच असतं. दुसऱ्याच्या मताला कारणं शोधा, म्हणजे डोकं चालेल," असं जाऊबाईंचं म्हणणं. घरीही तेच. भाजी खारट झाली असं सासूबाई म्हणाल्या, तर भाजीची बाजू सासूबाईंनीच मांडायची. सासूबाई हल्ली मुकाट्याने जेवतात.

मुख्याध्यापक गणिताचे. परीक्षेत वादाला गुण नाहीत, तेवढ्या वेळात व्याकरणाचा सराव होईल, असा त्यांचा हिशोब. "गुरुवारी येऊन बघतो. पटलं तर ठेवू, नाहीतर बंद," त्यांनी बजावलं. त्या दिवशी जाऊबाई घरी कुणाशीच वाद घालेनात. आख्ख्या नोकरीत हाच एक तास त्यांनी स्वतः उभा केलेला. मला त्यांची काळजी वाटली, आणि ती मला सहसा वाटत नाही.

"सोपा विषय घ्या. साहेब खूश होऊन जातील," मी सुचवलं.

त्यांनी विषय घेतला, हा तास बंद करावा का?

मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसले. ज्या चष्मेवालीचा या तासावर जीव, तिला नियमाप्रमाणे 'बंद करा' म्हणायचं होतं. आणि तास कधी एकदा बंद होतो म्हणणारा, सदा जांभया देणारा शाळेच्या संघाचा गोलकीपर तो वाचवणार होता. आता आपलं काही खरं नाही, हे मी तिथेच ओळखलं. चष्मेवालीने तासाची सालटी काढली. ठरावीक मुलंच बोलतात, बाकीची लपतात. वाद जिंकला म्हणजे खरं ठरतं असं नाही. बोलणं सुधारतं, लिहिणं आहे तिथेच राहतं. गोलकीपर "इट इज गुड" म्हणाला आणि बसला.

"मुलीने माझ्याच मनातलं सांगितलं. बाई, यावर उत्तर आहे?" मुख्याध्यापक म्हणाले.

"नाही सर. मुद्दे बिनतोड आहेत." जाऊबाईंचा चेहरा उतरला होता, तरी चष्मेवालीकडे बघून त्या हसल्या. पोरीला ते हसू सहन होईना. रडकुंडीला येऊन तिने हात वर केला.

"सर, तास बंद करायचा हे तुमचं पक्कं मत आहे ना? मग नियमाप्रमाणे या गोलकीपरच्या जागी तुम्ही बोलायला पाहिजे."

साहेबांनी जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. शेवटी साहेब उठले. आधी इंग्रजी अडखळलं. मग, लपणारी मुलं कान देऊन ऐकत असतात, असं ते म्हणाले. मीही शाळेत मागच्या बाकावर लपायचो, म्हणाले, आणि मला कुणी कधी उभंच केलं नाही. तोवर त्यांचा कोट खुर्चीवर गेला होता. घंटा झाली तरी कुणी दप्तराला हात लावला नाही.

हात वर झाले. चष्मेवाली जिंकली, पण थोडक्यात. मुलं प्रामाणिक, त्याला इलाज नाही.

"हे मला मान्य नाही. लिहिण्याचा मुद्दा मी खोडणारच होतो, तेवढ्यात घंटा झाली. पुढच्या गुरुवारी बघतो हिला," साहेब म्हणाले.

"पण सर, निकालाप्रमाणे तास बंद झाला," जाऊबाई म्हणाल्या.

साहेबांनी कोट उचलला. "मी हरलेलो असताना? असा कसा बंद होईल?"