धरणगाव ते धुळे, कानबाईच्या गाण्यांसाठी

श्रावणातल्या रविवारी सकाळी मी धरणगावहून सर्व्हिस मोटारीने धुळ्याला निघाले. एकटीच. सून म्हणाली, "या वयात मोटारीनं?" मी म्हटले, "मोटार ड्रायव्हर चालवणार आहे, मी नाही."

धुळे माझे माहेर. तिथली माझी वहिनी उन्हाळ्यात वारली. आमच्या घरची कानबाईची गाणी तिला येत होती आणि मला येतात. तिसरी कोणी नाही. कानबाई ही आमच्या खानदेशातली घरोघरची देवी. नारळाला नथ-डोळे लावून तिला रविवारी बसवतात आणि सोमवारी नदीवर बोळवतात. बसवताना घरची गाणी घरच्याच चालीत म्हणायची. शेजारणी मागून ओढ धरतात, पण पुढे म्हणणारी एक लागतेच. तिचा मुलगा, माझा भाचा भगवान, याचा निरोप आला होता, "फुई (आत्या), तू नही उनी तर कानबाई मुकी बसी."

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हते. मोटार कोळशावर चाले. मागच्या अंगाला एक भट्टी जोडलेली, तिच्यात कोळसा घालायचा आणि वारा द्यायचा. पुढच्या बाकावर दोघे विड्या ओढत होते म्हणून मी मागे जाऊन बसले. ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, मांगे धूर लागी." मी म्हटले, "विडीपेक्षा बरा." तो हसला आणि भट्टीचे झाकण लावायला गेला.

एरंडोलला गाडी थांबली. एका बाईकडून मिरचीची भजी घेतली. तेल जुने होते, तसे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "तेल जुनं शे अक्का, पन भजी आजनी शेत." उत्तर आवडले म्हणून आणखी घेतली. भजी काही आवडली नाहीत.

पारोळ्याला भट्टी विझली. ड्रायव्हर खाली उतरून पंखा फिरवत बसला, तेवढ्यात मी किल्ला पाहून आले. किल्ला सपाटीवरच आहे, भोवती खंदक. खंदकात पावसाचे पाणी होते आणि म्हशी होत्या. बुरूज पडके आहेत, पण दगड अजून घट्ट आहेत. दारापाशी एक आबा गुरे राखत होते. म्हणाले, "आठेथून भुयार शे. पार लांब जास."

"तुम्ही आत गेला आहात?"

"मी नही. मना आजा गयथा."

मी आजवर जितके किल्ले पाहिले, त्या सगळ्यांच्या भुयारात कोणाचा तरी आजाच गेलेला असतो.

पारोळ्यापुढे धूर वाढला. वाऱ्याची दिशा फिरली होती. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढी, हिरवीगार. मी मात्र पदर नाकाशी धरून बसले होते. धुळ्याला उतरून भगवानला हाक मारायला तोंड उघडले, तर नुसती हवा बाहेर आली. घसा पार बसला होता.

घरी कानबाईचा चौरंग मांडून तयार होता. शेजारणी जमत होत्या. भगवानची बायको द्वारका, दोन वर्षांपूर्वी नंदुरबारहून आलेली. तिने मला गुळण्या करायला लावल्या, हळदीचे दूध दिले, ज्येष्ठमध चघळायला दिला. उपयोग शून्य.

"फुई, आते कसं?"

मी तिच्या कानाशी लागले. "मी ओळ सांगते, तू म्हण."

"माले तुमनी चाल येत नही."

"तोंड तर उघड."

तिने उघडले. आवाज खणखणीत निघाला, पण चाल नंदुरबारची! आमची चाल संथ, पाय रोवून चालणारी. हिची गुजरातकडची, झोके घेणारी. मी तिच्या दंडाला चिमटा काढला. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणतच राहिली. कानबाईचे गाणे एकदा उचलले की मध्ये तोडायचे नसते, हे मीच तिला घटकाभरापूर्वी सांगितले होते. मग काय करणार? ओळ सांगत गेले. शेजारणींनी ओढ धरली, आणि त्यांना तर ती चाल फारच आवडली. मेल्या डोलत होत्या.

सोमवारी ढोल लावून पांझरेवर कानबाई बोळवली. घरी येऊन रोट वाढले. घरातल्या पुरुषामागे मूठ-मूठ गहू दळून हे रोट करतात. ते भाऊबंदांनीच खायचे. सासरी दिलेल्या लेकीला चालत नाहीत. सोबत गंगाफळाची (तांबड्या भोपळ्याची) भाजी आणि खीर होती.

भगवान म्हणाला, "खा ना फुई, कोन देखस?"

"कानबाई देखस," मी म्हटले आणि नुसती पोळी मागितली. द्वारका समोर बसून रोट खात होती. तो तिचा हक्कच आहे.

मंगळवारी परतले. घसा अजून बसलेलाच होता, त्यामुळे कोणाशी बोलणे नव्हते. गाडीत चालीचा राग काढायला निवांत वेळ मिळाला. तेव्हा ध्यानात आले की, मी जिला आमच्या घरची चाल म्हणते ती मला आईने शिकवली. आई चोपड्याहून आलेली. तिची सासू कुठून आली होती, ते मला ठाऊक नाही. मग ती संथ चाल नेमकी कोणाच्या घरची, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. आईलाही कोणी चिमटा काढला असेल.

ओळी मात्र द्वारकाने एकही सांडली नाही. पुढच्या श्रावणात भगवानचा निरोप आला नाही तर मी समजेन की तिला माझी गरज उरली नाही, आणि ते चांगलेच झाले. आला तर जाईन, मागच्या बायकांत बसेन आणि नंदुरबारच्या चालीत ओढ धरीन.