हळूहळू चढणारा काटा

उपकेंद्रात सगळे तिला अक्का म्हणत. तिथल्या कंट्रोल रूममध्ये तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. शहराची वीज गेली की दूरच्या धरणावर फोन लावायचा आणि तिथून वीज येईपर्यंत वाट बघायची, एवढं तिला पाठ होतं. आता मागच्या मैदानात पांढरे कंटेनर उभे राहिले होते, आत नुसत्या बॅटऱ्या. त्या सांभाळायला आलेल्या इंजिनियर मुलीला अक्का ‘बॅटरीवाली’ म्हणायची.

त्या दुपारी अक्काने डबा उघडला आणि सगळं शहर बंद पडलं. तिचा हात सवयीने फोनकडे गेला.

“धरण राहू द्या, अक्का,” बॅटरीवाली म्हणाली. “आज आपणच उठवायचं.”

“शहराला?”

“आधी शहराबाहेरच्या वीजघराला. तेही बंद पडलंय. त्याचे पंप आपल्या बॅटरीवर फिरले की ते वीज करेल. मग शहर.”

अक्काने मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नाही. तेवढ्यात मोबाइलवर सासूबाई. “अगं, एवढ्या बॅटऱ्या आहेत ना तुमच्याकडे? मग माझा पंखा का बंद?”

“आई, ती वीज आधी वीजघराला द्यायचीय.”

“वीजघराला वीज? त्यांच्याकडे नाही का?”

“घरी आल्यावर सांगते,” अक्का म्हणाली. तिने फोन ठेवला.

बॅटरीवालीने कळ दाबली. व्होल्टेजचा काटा एरवी झपकन वर जायचा. आज तो रेंगाळत चढू लागला. इतकं कमी व्होल्टेज म्हणजे बिघाडच, हे अक्काच्या अंगात भिनलेलं. तिने खटकन ब्रेकर पाडून लाइन तोडली.

“अक्का! काय केलंत हे?”

“व्होल्टेज मरतंय ना, बाई!”

“मरत नाही, चढतंय. मुद्दाम हळू. एकदम दिलं तर ट्रान्सफॉर्मर इतका करंट ओढतो की बॅटरीला झेपत नाही.”

“मग आधी सांगायचं नाही का?”

“प्रशिक्षणात सांगितलं होतं की.”

सांगितलंही असेल. प्रशिक्षणात अक्का पहिल्या रांगेत बसली होती आणि काहीही न कळता घरी आली होती.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. या खेपेला अक्का हात काखेत दाबून बसली. काटा रखडत का होईना, जागेवर पोचला. बऱ्याच वेळाने वीजघरातून फोन आला, पंप फिरले. मग तिथलं मोठं यंत्रही सुरू झालं. पुढे एकेका भागाची लाइन चालू करायची होती. ते अक्काचं रोजचं काम. तिथे तिचा हात अडखळला नाही.

दिवेलागणीला ती घरी आली तेव्हा सासूबाई पंख्याखाली बसल्या होत्या.

“मग, काय केलंस गं शेवटी?”

“आधी पाडलं. मग हात बांधून बसले. मग झालं चालू.”

“म्हणजे?”

चपला काढता काढता अक्का थांबली. “तेच मलाही कळलं नाही, आई. उद्या विचारते तिला.”